माझे नाव गाढवलोळी

मी एक जुना दगड आहे. किती जुना, ते विचारू नका. सह्याद्रीलाही मी पोर समजतो. मित्रांनो, कोट्यवधी वर्षे मी आकाशात बिननावाचा भटकलो आणि १९५३ साली भर दुपारी इंदापूर तालुक्यात, निरवांगीजवळच्या एका माळावर धाडकन पडलो. तिथल्या वाडीचे नाव गाढवलोळी. कुंभारांची गाढवे त्या मऊ मातीत लोळत, म्हणून.

मला पडताना एकटीनेच पाहिले, नकोशी धनगरणीने. मी निवल्यावर तिने मला उचलले आणि मेंढरांभोवतीच्या जाळीच्या खुंट्या ठोकायला घेतले. माझ्यात लोखंड भरपूर. वर्षभर तिने दुसरा दगड हाती धरला नाही. "लई गुणाचा हाय," म्हणायची. ते आठवले की मी अजून फुलतो.

मग आकाशातून पडलेल्या दगडांचा अभ्यास करणारे एक साहेब पुण्याहून आले. असा दगड जिथे पडतो त्या जागेचेच नाव त्याला मिळते आणि ते जगभरच्या पुस्तकांत जाते, असे त्यांनी सांगितले. वाडीचे कारभारी तात्याबा हादरले. आधीच सोयरिकीला आलेले पाहुणे वाडीचे नाव ऐकून हसत.

त्यांनी नकोशीला बाजूला घेतले. "निरवांगीत पडला म्हून सांग. न्हायतर औंदा तुझी मेंढरं आमच्या रानात बसायची न्हाईत."

खतासाठी मेंढरे रानात बसवली की तिला ज्वारी मिळे. तिच्या घरचे वर्षाचे धान्य तेच.

साहेबांनी वही उघडली. मी कुठे पडलो, ते नकोशीला विचारले. माझा जीव टांगणीला लागला.

"सायेब," ती म्हणाली, "पाचवी पोर म्हून बापानं माझं नाव नकोशी ठिवलं. लोक हसत्यात, तरी मी दुसरं सांगत न्हाय. ह्यो गाढवलोळीत पडला. तसंच लिवा."

त्या वर्षी तिची मेंढरे पार मोरगावच्या माळाकडे गेली. मी आता साहेबांच्या ताब्यात होतो, म्हणून जाताना खुंट्यांसाठी तिने ओढ्यातला साधाच दगड उचलला. मला वाईट वाटले.

आता मी संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात असतो. मुले माझी चिठ्ठी वाचून खो-खो हसतात. खुशाल हसा, मी ताठ बसतो! माझे नाव खरे आहे. फक्त त्या चिठ्ठीवरची धूळ अधूनमधून पुसत जा. तिच्यावर गाव आहे, साल आहे, वजनही आहे. जिने ते नाव राखले, तिचे नाव मात्र नाही. मित्रांनो, तेवढे तुम्ही जपा. तिचे नाव नकोशी.