लासितूदो म्हणजे नुसता शीण

मी लासितूदो बोलतोय. नाव ऐकून पदर तोंडाला लावू नका. मी रोग नाही, मी कुणाला लागत नाही. मी लॅटिन भाषेतला एक म्हातारा शब्द आहे आणि माझा अर्थ आहे शीण. दिवसभर राबून अंग जड होतं, पाय उचलत नाहीत, हाकेला ओ देणंही जिवावर येतं, तो थकवा म्हणजे मी.

माझा जन्म रोमकडचा. कोसच्या कोस चालून आलेला शिपाई ढाल टाकून बसला की मला जवळ करायचा. नांगर सोडून आलेला शेतकरीही. रिकामपणी मनाला येणारा कंटाळा निराळा. त्याला तिकडे तेदियम म्हणतात. लोक आम्हा दोघांची गल्लत करतात, त्याचा मला अजून राग येतो. लोळून लोळून जो येतो तो तेदियम. मला कष्टानं मिळवावं लागतं.

पुढे मला बोलणारी माणसं संपली. मग मी डॉक्टरांच्या जाडजूड पुस्तकांत जाऊन बसलो. तिथे मान फार मिळाला, पण माणसाचं तोंड दिसेना. खरं सांगतो, तिथे मला करमत नव्हतं.

एकोणीसशे बावन्न साली मी ठाण्यात, नौपाड्यातल्या हरिहर डॉक्टरांच्या पेनातून कागदावर उतरलो. डॉक्टर सज्जन, पण एक खोड होती. दुखण्याचं नाव ते लॅटिनमध्येच लिहायचे. नाव कळलं की रोगी उगाच घाबरतो, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी समोर सगुणा बसली होती. खाडीपलीकडच्या गावची, मिठागरावर काम करणारी. पहाटे भाकऱ्या, मग उन्हात डोक्यावर मिठाच्या पाट्या, घरी आल्यावर पाणी, धुणी आणि अंगावर पिणारी आठ महिन्यांची नीला. पाटी उचलताना ती चक्कर येऊन पडली होती. डॉक्टरांनी छाती तपासली, डोळे पाहिले आणि चिठ्ठीवर मला लिहिलं. तिच्या नवऱ्याला, धाकूला, म्हणाले, "महिनाभर आराम. दूध, अंडी आणि मोकळी हवा."

धाकूनं मान हलवली. डॉक्टरला उलट प्रश्न विचारायचा नसतो, अशी त्या घराची रीत.

गावात चार बुकं इंग्रजी शिकलेला एकच, उत्तम. त्यानं मला एकेक अक्षर लावून वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "एवरं लांब नाव हाय म्हंजे रोग बी मोठाच असल. दूध, अंडी, हवा... क्षयाला हेच सांगतान."

झालं! मी ओरडून सांगत होतो, अरे, मी शीण आहे, शीण! पण कागदावरच्या शब्दाचं कोण ऐकणार? सासूनं, तुळसाबाईनं, सगुणाचं ताट वेगळं केलं, अंथरूण ओसरीवर टाकलं आणि नीलाला तिच्यापासून तोडलं. पोरीला वाटीनं बकरीचं दूध पाजू लागले, ती ते थुंकून टाकी. आत पोर रडे, बाहेर सगुणाची चोळी भिजे. ते मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या एवढ्या आयुष्यात मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

पाचव्या दिवशी तिला टिटवाळ्याला माहेरी धाडायचं ठरलं. पोर इथेच ठेवायची. ठाणे स्टेशनाच्या दाराशी सगुणा थांबली. चिठ्ठी तिच्या मुठीत होती.

"गारीत नाय बसनार," ती धाकूला म्हणाली. "आधी दागतरला इचारतंय. मरायचंच हाय त नाव कलूंदे."

ती नौपाड्याकडे चालू लागली. पोचवायला आलेली तुळसाबाई नीलाला कडेवर घेऊन तिच्यामागे, आणि धाकू सगळ्यांच्या मागे.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं. आधी ते हसले, पण सगुणाच्या भिजलेल्या चोळीकडे लक्ष जाताच खुर्ची पुढे ओढून बसले. "क्षय? अगं, छाती स्वच्छ आहे तुझी. याचा अर्थ शीण. तू दमली आहेस बाई, एवढंच. पोरीला पाज, खुशाल पाज."

"मंग तसा लिवला का नाय?" सगुणानं विचारलं.

डॉक्टरांनी तिच्या हातून चिठ्ठी मागून घेतली. तुळसाबाईनं नीलाला सुनेच्या मांडीवर ठेवलं. पोर अशी काही तुटून पडली की सगुणा रडता रडता हसली. हुश्श! माझ्या जिवावरचं ओझं उतरलं.

डॉक्टरांनी माझ्यावर रेघ मारली आणि शेजारी मराठीत लिहिलं, शीण. तेवढ्यात तुळसाबाई बाकावर बसली आणि हळूच म्हणाली, "शीन त मनापन हाय, दागतर. लगीन झाला तवापासना. मना कोनी चिठ्ठी नाय दिली."

डॉक्टरांनी तिलाही तपासलं आणि दुसरा कागद ओढला. त्यावर मी नव्हतो. तो पहिल्यापासून मराठीतच होता.

आज मी सगुणाच्या घरच्या देव्हाऱ्यामागे, घडी घातलेल्या चिठ्ठीत, रेघेखाली पडून आहे. खोडलं म्हणून मला वाईट वाटत नाही. किती काळ दुसऱ्यांचा थकवा वाहिला, आता मलाही टेकायला मिळालं. शिकलेल्यांना एवढीच विनंती, ज्याचं दुखणं त्याला त्याच्या बोलीत सांगत जा.

चिठ्ठी घरी आली त्याच महिन्यात एकदा भर दुपारी तुळसाबाई ओसरीवर आडवी झाली. सगुणा धावत आली, "आई, बरा नाय का वाटत?"

"बरी हाय. शीन आलाय," ती म्हणाली, आणि कुणाची लाज न धरता, कूस बदलून झोपली.