व्याह्यांची झोप

होणारे व्याही पहिल्यांदाच आमच्या घरी आले, पोटभर जेवले आणि सोफ्यावर आडवे होऊन चक्क घोरायला लागले. लग्नाचा विषय अजून निघालाही नव्हता.

सोफे बनवणं हा माझा धंदा. घरातला हा सोफाही माझ्याच हातचा आणि मुद्दाम कडक केलेला, आलेला पाहुणा ताठ बसावा म्हणून. त्यावर आजवर कुणाचा डोळा लागला नव्हता. मुलगी विहीणबाईंना आणि त्यांच्या मुलाला खाली माझं दुकान दाखवायला घेऊन गेली, तशी माझी सटकलीच.

"माणूस आहे की पोतं?" मी बायकोला म्हणालो. "इथे लेकीच्या जन्माचा प्रश्न आणि हे घोरतायत!"

"हळू बोला. बेकरी आहे त्यांची, पहाटे उठत असतील बिचारे."

"मग घरी झोपायचं! या कुंभकर्णाच्या कानाशी ढोल बडवले तरी उठायचा नाही. नाही द्यायची मला पोरगी या घरात."

बायकोने कपाळाला हात लावला. व्याह्यांनी फक्त कूस बदलली.

पाहुणे गेल्यावर मुलगी आनंदाने नाचायचीच बाकी होती. "बाबा, ते झोपले! त्यांच्या लोकांत असंच असतं. ज्या घरात निर्धास्त झोप लागते, त्याच घराशी सोयरीक करायची. झोपले म्हणजे होकार."

"आपल्यात पाहुणा झोपला तर तो कंटाळला समजतात."

"आता तुम्ही त्यांच्याकडे जाऊन झोपायचं."

"आणि नाही लागली झोप तर?"

तिचा चेहरा उतरला. "तर तुमचा नकार समजतील."

माझं डोकंच चालेना. आम्ही मुलगी द्यायची तर घर बघतो, नोकरी बघतो, चार ठिकाणी चौकशी करतो. डोळे उघडे ठेवून केलेली आमची लग्नंसुद्धा कुठे सगळी धड झालीत? आणि हे लोक डोळे मिटून ठरवतात. शहाणं कुणाला म्हणायचं? राग कुणावर काढावा तेही कळेना, म्हणून बायकोवर काढला. "मी तर तुझ्या माहेरीही कधी झोपलो नाही," मी म्हणालो. "तेच तर आई अजून ऐकवते," ती म्हणाली.

शेवटी बायको-मुलीला घेऊन गेलो. त्यांच्या घरात भाजलेल्या पावाचा वास भरला होता. जेवणं झाली आणि व्याह्यांनी दिवाणावर उशी ठेवली. "पडा जरा," म्हणाले आणि सगळे पडद्यामागच्या खोलीत गेले. जाताना माझ्या मुलीने डोळ्यांनीच 'झोपा हं बाबा' असं विनवलं.

मी डोळे घट्ट मिटले. दिवाणातला फोम मधोमध पिचला होता. बदलायला हवा, असं मनात आलं आणि उरलीसुरली झोपही उडाली. पडद्यामागे कुजबुज सुरू झाली.

"झोपले का हो?" विहीणबाईंचा आवाज.

"छे! पापण्या नुसत्या थरथरतायत."

संपलं, म्हटलं. मोडलं पोरीचं लग्न.

"मग आता?"

"आता काय! मला तरी कुठे लागली होती त्या दिवशी? सोफा आहे की फळी! वर मला कुंभकर्णही म्हणून झालं."

"म्हणजे तुम्ही सगळं ऐकलंत? मग घोरत कशाला होतात?"

"उठलो असतो तर त्यांना तोंड दाखवायला जागा उरली असती का? आणि पोरगी गुणी आहे गं."

मला तिथल्या तिथे मेल्यासारखं झालं. उठून पाय धरावेत, तर जागा होतो हे उघड होणार. पडून राहावं, तर सोंग. आणि त्यांच्या होकाराला काय म्हणायचं, खरा की खोटा? त्या माणसाने आमच्या घरात डोळे मिटून काय काय ऐकून घेतलं होतं! इतका गोंधळ माझ्या डोक्यात उभ्या जन्मात झाला नव्हता.

मग मला एकच सुचलं. मी घोरायला लागलो. आधी बेताने, मग भिंती हादरतील असा.

मग व्याह्यांनी अख्ख्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "लागली हो लागली, गाढ झोप लागली!"

माझी मुलगी हुंदका देऊन हसली. माझ्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, ते कुणी आत येऊन बघू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं आणि घोरत राहिलो.