नाक्यावर फोडलेलं इष्टलिंग

साहेब, मन्मथच्या बरगड्या तुम्ही मोडल्या. पट्टा आणि बूट तुमच्या फौजदाराचे होते, पण जप्तीच्या पाकिटावर सही तुमची आहे, म्हणून मी तुम्हालाच धरतो. नाक्याचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, पुरे.

आम्ही तिघं युसूफ वडगावचे. मन्मथचं किराणा दुकान, सटवाची शेरडं-मेंढरं, आणि मी हरिओम, माझी भाड्याची जीप. शाळेत असल्यापासून गोव्याला जाऊन समुद्र बघायचं ठरलेलं. चौतिसाव्या वर्षी जमलं. पणजीत सटवानं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकला.

"एवढं पाणी, अन् एक शेरडू तोंड लावायचं न्हाई."

"तुझ्या शेरडाला बलावलंय कुणी बे इथं?" मन्मथ म्हणाला. तीन दिवस असंच हसत गेलं.

लॉजवरही मन्मथ अंघोळ करून गळ्यातली चांदीची डबी उघडायचा, त्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायचा, मगच चहा. तो पाळण्यात असताना मठाच्या स्वामींनी ते गळ्यात बांधलेलं. मेल्यावर त्याच तळहातावर ठेवून माती देतात. मधल्या काळात ते अंगावेगळं करत नाहीत. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

रविवारी दुपारी परत निघालो. गोव्याची हद्द ओलांडली की तुमचा तपासणी नाका. सीटखाली दारूच्या दोन बाटल्या होत्या. सटवाच्या. परवाना नव्हता. लिहून घ्या, कोर्टात उभं करा. पण फौजदाराला बाटल्या पुरल्या नाहीत. त्याचं लक्ष मन्मथच्या गळ्याकडं गेलं.

"डबीत काय आहे?"

"देव हाय, साहेब."

"काढ."

"काढता येत न्हाई. उघडून दाखवतो, लांबून बघा."

त्यानं डबीचा दोरा हिसकला. तो मानेत रुतला आणि मग तुटला. इष्टलिंगावर काळा लेप असतो, गुळगुळीत. फौजदारानं डबी उघडून ते नाकाला लावलं आणि म्हणाला, "चरस."

एक म्हातारा हवालदार पुटपुटला, "साहेब, लिंगायतांचा देव असतो तो."

"तुला विचारलं?" मग माझ्याकडं वळून, "गाडीतला पाना दे."

मी दिला.

त्यानं इष्टलिंग रस्त्याकडंच्या दगडावर ठेवलं आणि पाना घातला. दुसऱ्या घावाला फुटलं. उधारी बुडवणाऱ्यालाही कधी शिवी न दिलेल्या मन्मथनं फौजदाराचं मनगट दातात धरलं, रक्त येईपर्यंत. मग पट्टा निघाला, बूट लागले. सटवा मधी पडला तर दांडक्यानं त्याचं तोंड फोडलं. दोन दात डांबरावर पडले. तो ते उचलायला वाकला तर पाठीत लाथ.

"ह्याचे हात धर," फौजदार मला म्हणाला, "नाहीतर तिघंही चरसमध्ये आत."

मी धरले. साहेब, हे मी कुणी विचारायच्या आत लिहितोय. मन्मथचे दोन्ही हात मी मागं ओढून धरले आणि त्याच्या छातीवर बूट पडत राहिले. 'मारू नका' असं तो एकदाही म्हणाला नाही.

"हरी, सोड की रे. तुकडं येचू दे. पायाखाली येतेत."

मी सोडलं नाही. बरगडी मोडलेली मला कानानं कळली नाही, हाताला कळली.

नंतर तुमच्याच लोकांनी तो चुरा तपासणीच्या किटमध्ये टाकला. काही निघालं नाही. तरी तुकडे पाकिटात घालून सील केले, तुम्ही येऊन सही केली, आणि आम्हाला जा म्हणालात.

आज अकरावा दिवस. मन्मथ अंबाजोगाईला दवाखान्यात आहे. मारामुळं मूत्रपिंडं चालत नाहीत. डॉक्टर म्हणतात, पोटात अन्न जायला पाहिजे. तो तोंड मिटून घेतो. पूजा नाही तर घास नाही. स्वामी नवं इष्टलिंग बांधायला आले होते, धर्मात तशी सोय आहे. तो म्हणाला, "माजं तिकडं पडलंय. त्येचं काय ते झाल्याबिगर दुसरं कसं बांधू?" त्याची बायको कावेरी पेजेची वाटी घेऊन बसते, गार झाली की बदलून आणते. माझ्याशी ती बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

तुमच्या कचेरीत मी चार खेपा घातल्या. "मुद्देमाल आहे, कोर्टातून सोडवा," म्हणतात. गुन्हा नंबर विचारला तर गुन्हाच नोंदवलेला नाही. गुन्हा नाही तर मुद्देमाल कशाचा, साहेब? ते पाकीट उघडलं तर मारलं कशापायी हे विचारलं जाईल, एवढंच ना?

मला तुमची माफी नको, चौकशी समिती नको. मन्मथ जिवंत असताना ते तुकडे देणार, का माती देताना त्याच्या तळहातावर ठेवायला देणार? दोन्हींतलं एक लिहून कळवा.