डावीकडचे दोन नट

गाडीखाली वाकून बघायची सवय फारशी कुणाला नसते, तेव्हा माझी ओळख मीच करून देतो. मी एक पोलादी दांडा. छोट्या गाडीच्या मागच्या चाकांमध्ये, तिच्या पोटाखाली आडवा बसतो. दुकानात मला अँटी-रोल बार म्हणायचे. ज्या घरात मी आलो तिथल्या आईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हा कसला दांडा आणलास रे?" आणि तेच नाव पडलं. मला त्याचा राग नाही.

माझं काम सोपं आहे. वळणावर गाडी एका अंगाला कलायला लागली, की मी स्वतःला पीळ पाडून घेतो आणि तिला सावरतो. त्यासाठीच मला भट्टीत तापवून वाकवलं, तेलात बुडवून कडक केलं. कारखान्यातून येणाऱ्या साध्या गाडीत मी नसतो, मला मुद्दाम आणावं लागतं. कुणी हौसेनं आणतो, कुणी काळजीनं.

माझा मालक काळजीवाला होता. चष्म्याच्या दुकानात काचा तपासायचं त्याचं काम. मला हातात घेऊन तो दुकानदाराला म्हणाला होता, "बायकोला टेकडीपलीकडे नोकरी लागलीय हो. रोज ती वळणं घ्यायची. आमची गाडी फार डुलते. मला तर जेवण गोड लागेना." दुकानदारानं ऐकलं, मी ऐकलं. जिनं ऐकायला हवं होतं ती तिथे नव्हती.

घरी त्यानं मला बाहेरच्या दाराआड उभं केलं. संध्याकाळी बायको आली. पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात तिला मोठी जागा मिळाली होती, स्वारी खुशीत होती. कागदात गुंडाळलेला मी दिसलो आणि तिचा चेहरा उतरला.

"मला नोकरी लागली आणि तुला गाडीची खेळणी सुचतायत?"

"खेळणं नाही गं. गाडी डुलते वळणावर."

"म्हणजे मला चालवता येत नाही!"

"मी असं कुठे म्हटलं?"

"म्हणायला कशाला हवं? मी गॅस बंद केला की तू जाऊन बघतोस. मी कुलूप लावलं की तू ओढून बघतोस. माझ्या मागनं प्रत्येक गोष्ट तपासत फिरणं बंद कर आता!"

खोटं नव्हतं ते. पुढे आईंच्या तोंडून मीही ऐकलं. आधी तिच्या हातानं कुलूप लागायचं, मग दोनदा खडखड व्हायची. तो खडखडाट म्हणजे तो. पण आज तिचे शब्द त्याच्या जिव्हारी लागले. "ठीक आहे. नाही बघणार," एवढंच म्हणाला आणि आत गेला. दुकानात जे भडाभडा बोलला होता त्यातला एक शब्द तरी तिथे बोलायचा! पण नाही. नवऱ्यांना बाहेरच्या माणसापाशी जीभ फुटते.

आणि घरात अबोला सुरू झाला. या घरातल्या अबोल्याची एक रीत होती. एकमेकांशी बोलायचं नाही, आईंमार्फत बोलायचं. दोघं समोरासमोर बसून जेवायचे आणि आई मध्ये बसून निरोप पोचवायच्या.

सुट्टीच्या दिवशी मला बसवायचं ठरलं. हे काम एकट्याचं नव्हे. एका बाजूनं मला उचलून धरायचं, दुसऱ्या बाजूनं बोल्ट घालायचा. त्यामुळे अबोला तसाच ठेवून बायको जुने कपडे घालून खाली आली. गाडीच्या जागेत आई खुर्ची टाकून मटार सोलत बसल्या.

"आई, हिला सांग, जॅक हळू चढव."

"अगं, हळू चढव म्हणतोय."

"आई, त्याला सांगा, मला ऐकू येतं."

"ऐकू येतं म्हणतेय बाबा तिला. आणि मलाही येतं. उगाच माझ्या तोंडाला कोरड पाडताय."

गाडीखाली दोघं पाठीवर पडले होते, मधे मी. इतक्या जवळून दोघांचे श्वास मला लागत होते. काम मात्र बघत राहावं असं चाललं होतं. त्यानं हात पुढे केला की तिनं न सांगता बरोबर तोच पाना दिला. तिच्या डोळ्यात माती पडली तर त्यानं मुकाट्यानं आपला रुमाल सरकवला, तिनं घेतलाही. मला वाटलं, आता बोलतील. रबरी पट्ट्या बसल्या, माझी टोकं जागेवर आली, उजवीकडे दोन आणि डावीकडे दोन असे नट नुसते हातानं फिरवून लावले.

हे नट तेव्हाच पक्के करत नाहीत. आधी गाडी चाकांवर उतरवायची, तिचं वजन माझ्यावर येऊ द्यायचं, मग पान्यानं आवळायचं. नाहीतर रबर पिळलेलं राहतं. त्यानं चाकांखाली लाकडी ठोकळे ठेवले, तिनं जॅक उतरवला. मग तो उजवीकडून खाली शिरला, ती डावीकडून.

त्यानं उजवीकडचे दोन्ही नट दात आवळून आवळले. तिनं डावीकडे पाना लावला, अर्धा वेढा दिला. तेवढ्यात घरात फोन वाजला. आई गुडघे धरत उठायला लागल्या. "राहू द्या आई, मी बघते," म्हणून ती गेली. पाना माझ्याशेजारीच ठेवून गेली. तिचं मन मला स्वच्छ दिसत होतं. तो काय, सगळं तपासल्याशिवाय राहायचा नाहीच.

तो डावीकडे आला. पाना उचलला, माझ्यापर्यंत हात आणला. मी म्हटलं, लाव बाबा, फक्त एकदा लाव. पण हात थांबला. माझ्या मागनं तपासत फिरू नकोस, असं ती म्हणाली होती ना? लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यानं तिचं ऐकलं. पाना पुसून पेटीत ठेवला आणि हात धुवायला गेला.

ती नव्या कामावर जाऊ लागली. पहिले काही दिवस मी जीव तोडून काम केलं. मग डावीकडचे नट सैल व्हायला लागले. मला ओरडता येत नाही, वाजता येतं. मी प्रत्येक खड्ड्यात वाजलो, प्रत्येक वळणावर वाजलो. तिनं ऐकलं. घरी येऊन म्हणाली, "आई, त्याला सांगा, गाडी मागनं वाजते."

आईंनी सांगितलं. तो चष्मा पुसत म्हणाला, "हिला सांग, रबर नवीन आहे. वाजेल थोडे दिवस."

खाली जाऊन बघावं असं त्याला किती वाटलं असेल! पण गेला असता तर परत तेच झालं असतं, तिच्या मागनं तपासणं. आई दोघांकडे बघून म्हणाल्या, "मी मेले तर तुमचं कसं व्हायचं रे?"

टेकडीवर त्या दिवशी धुकं होतं. ती सावकाश चालली होती, तिची काही चूक नाही, हे मी कुठेही सांगेन. एका उताराच्या वळणावर दुसरा नट गळून पडला. पहिला कधीच गेला होता. माझं डावं टोक सुटलं आणि चाकावर आपटलं. गाडीचा मागचा भाग एकदम फेकला गेला. तिनं स्टिअरिंग सावरलं, खरोखर सावरलं, म्हणून आम्ही दरीत न जाता कठड्यावर आदळलो. तिचा उजवा गुडघा पार मोडला. मी तिला सांभाळायला आलो होतो आणि माझ्यामुळेच ती जायबंदी झाली. पोलादाला काय दुखणार, असं कुणी म्हणू नये.

गॅरेजवाल्यानं मला काढून घरी आणून दिलं. म्हणाला, "बोल्ट तुटलेला नाही साहेब. डावीकडचे नट पक्के केलेच नव्हते." आणि गेला. ती नुकतीच रुग्णालयातून आली होती, पाय स्टुलावर ठेवून बसली होती. आईंना मध्ये न घालता ती बोलली.

"मला वाटलं, तू बघशीलच."

त्यानं माझं वाकलेलं टोक हातात घेतलं. मग म्हणाला, "तूच म्हणाली होतीस, नको बघूस म्हणून."

कुणी कुणाला दोष दिला नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. आई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या.

आता मी परत त्याच दाराआड आहे, वाकडा, गंजत चाललेला. मला टाकूनही देत नाहीत. घरात अबोला नाही. दोघं नीट बोलतात, फार नीट बोलतात. ती नोकरी तिनं सोडली. तो गॅस बघायला जात नाही. काहीच बघायला जात नाही. दुकानात तो काय म्हणाला होता, हे तिला अजूनही माहीत नाही.

आज सकाळी दोघं तिचा गुडघा दाखवायला निघाले. दार ओढलं, तिनं कुलूप लावलं. मग बाहेरून तिचा आवाज आला.

"एकदा ओढून बघतोस?"

"तू लावलंस ना?"

"लावलं."

"मग झालं."

त्याची पावलं जिना उतरत गेली. तिची काठी हलली नाही. ती दारापाशीच उभी आहे. अरे बाबा, मला तोंड असतं तर ओरडलो असतो. वर ये. दोन पायऱ्या चढून वर ये आणि ते कुलूप एकदा ओढून बघ. ती त्यासाठीच थांबली आहे रे.