वरचं टोपणभर

माझी धाकटी जाऊ घरात आली तीच एक शब्द बरोबर घेऊन. भाजीत मीठ ॲड करायचं, फोनवरच्या ग्रुपमध्ये आत्यांना ॲड करायचं, आणि दुसरं कोणी बोलत असलं की 'मला एक ॲड करायचंय' म्हणून मध्येच तोंड घालायचं. आम्ही आजवर घालत होतो, घेत होतो, जोडत होतो. आमचं काही अडलं नव्हतं. सगळ्याला एकच शब्द वापरणाऱ्या बाईच्या पोटात काय आहे ते कसं कळायचं? मला ती पहिल्यापासूनच खटकली.

घरामागे आमचा साबणाचा छोटा कारखाना आहे. पातेल्यात साबण वितळवण्यापासून वड्या कापण्यापर्यंत सगळं आम्ही घरचेच करतो. सुगंधी तेल मात्र फक्त सासरे घालायचे. ते मापाने नाही, नाकाने. त्या वेळी खोलीत दुसरं कोणी थांबायचं नाही, कारण आमच्या केसांच्या तेलाचा वाससुद्धा त्यांना आड यायचा. तेल घालून झालं की ते हात धुवायला जायचे आणि मग आम्ही साचे भरायचो.

मागच्या आजारपणात त्यांचं नाक गेलं. ते कोणाला बोलले नाहीत, पण शेगडीवर दूध करपून धूर झाला तरी शेजारी शांत बसलेले मी पाहिले. त्याच सुमारास एक घाणा अगदी बिनवासाचा निघाला. मी काय ते समजले. तेव्हापासून ते हात धुवायला गेले की मी आत शिरून टोपणभर तेल वरून घालू लागले. कोणाला सांगितलं नाही. या घरात एकाच्या कानात सांगितलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या ताटात असतं.

पण मग भलतंच सुरू झालं. वड्यांना इतका उग्र वास येऊ लागला की दुकानदार शिंकत माल परत करू लागले. दिवसभर त्यातच वावरणाऱ्या आमच्या नाकांना काही कळत नव्हतं. आमचे हे आणि दीर एकमताने म्हणाले, आता एक जरी घाणा बिघडला तरी बाबांनी घरी बसायचं. सासूबाई गेल्यापासून त्या पातेल्याजवळ उभं राहूनच हा माणूस तगला होता. घरी बसवलं तर तो खचेल, हे मला दिसत होतं आणि त्या दोन शहाण्यांना दिसत नव्हतं.

माझ्या टोपणभराने एवढा उग्र वास येणं शक्य नव्हतं. म्हणजे कोणीतरी मुद्दाम घाणा नासवत होतं. धाकटीच्या बाहीवर तेलाचे डाग दिसत होते आणि सुगंधी तेलाच्या बाटलीशी तिचं काही काम नसे. नवऱ्याच्या हाती कारखाना यावा म्हणून म्हाताऱ्याला हटवायचा हा डाव, अशी माझी खात्रीच पटली.

म्हणून पुढच्या घाण्याला मी वड्या वाळवायच्या फळ्यांमागे दबा धरून बसले. बाबा आले, दाराकडे पाठ करून उभे राहिले, तेल घालून निघून गेले. लगेच धाकटी मांजराच्या पावलांनी आत आली आणि तिने बाटलीचं टोपण भरून पातेल्यात ओतलं. मी बाहेर येऊन तिचं मनगट धरलं.

"काय घातलंस?"

"टोपणभर ॲड केलं, ताई." ती पांढरीफटक पडली होती. "बाबांना वास येत नाही. त्यांच्या हातून कमी पडतं. कोणाला सांगू नका ना."

दारात बाबा उभे होते. ओले हात तसेच. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

ते पुढे आले आणि खिशातून औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण काढून आमच्यासमोर धरलं. "तो बिनवासाचा घाणा निघाला ना, तेव्हापासून मी मोजून घालतोय. लाज वाटते म्हणून दाराकडे पाठ करतो. कमी कुठून पडेल?" मग त्यांनी धाकटीकडे रोखून पाहिलं. "पण एका टोपणाने लोक शिंकत नाहीत. बाकीचं कोणी घातलं?"

धाकटी माझ्याकडे बघत नव्हती. मी गप्प राहिले असते तर सगळं तिच्यावर शेकलं असतं, आणि खरं सांगते, क्षणभर मला तो मोह झाला.

"मी," मी म्हणाले. "मीपण घालत होते."

बाबा स्टुलावर बसले. "मला वाटलं, माझा हातच गेला," ते म्हणाले. "सकाळीच माझा एप्रन धाकट्याच्या खुंटीला टांगून आलो. म्हटलं, आजचा शेवटचा."

मला रडू आवरेना. धाकटीही रडत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा तिचा हात हातात घेतला.

बाबांना मात्र आमच्या रडण्यापेक्षा पातेल्याची काळजी होती. त्यांनी आम्हाला मोकळ्या हवेत पिटाळलं, आतून कडी लावली आणि आणखी साबण वितळवून पातेल्यात मिसळला. मग दार किलकिलं करून आधी आमचे तळवे उलटेसुलटे तपासले, तेल तर लागलेलं नाही ना म्हणून, आणि नंतर पळी पुढे केली. आम्ही दोघींनी वास घेतला. जमला होता.

"एप्रन आणा माझा," ते म्हणाले.

आम्ही दोघी एकदमच वळलो.

"एकीनेच जा," मागून बाबा म्हणाले.