इनासच्या वाडीचं कुंपण आणि मी

मी उत्तनची एक डुकरीण बोलतेय. नाक मुरडू नका. नाकाच्या बाबतीत तुम्ही माझ्याशी बरोबरी करू शकणार नाही.

माझ्या मालकिणीचं नाव रेजिन. गाव तिला रेजिनबाय म्हणतं आणि मला शेठाणी. माझी चाल आणि माझा घेर पाहून कुणीतरी हे नाव ठेवलं, आणि मला ते आवडलं.

माझा जन्म दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतला. रेजिनबायच्या घरामागे झावळ्यांनी शाकारलेलं खोपट आहे, तिथला. तांदूळ रेशनवर मिळायचा, माणसं पेज पातळ करून प्यायची. पण माझ्या वाट्याची पेज तिनं कधी चुकवली नाही. नवरा गेल्यापासून घरात तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं. संध्याकाळी बांबूच्या वलांडीवरचे सुके बोंबील काढता काढता ती दिवसभराचं सगळं मला सांगायची. मी हुंकार द्यायची. माणसांना एवढंच पुरतं, हे मला लहानपणीच कळलं.

आमच्या खोपटापलीकडे इनासची वाडी. इनास अंगानं हडकुळा, तोंडाचा तिखट आणि हाताचा गोड. त्याच्या हातची वांगी! जांभळी, गुबगुबीत, देठाला काटे असलेली. वारा तिकडून आला की माझे पाय आपोआप चालू लागत.

इनास दरवर्षी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घाली. मी दरवर्षी त्यातून वाट काढी. मग लढाई संपली, कुठल्याशा छावणीची काटेरी तार लिलावात निघाली आणि इनासनं ती आणून वाडीभोवती ओढली. काय सांगू त्या तारेचं सुख! माझ्या पाठीला नेमकी जिथे खाज सुटते तिथे पायही पोचत नाही आणि खोपटाचा खांबही. तार बरोबर तिथेच लागायची. रोज सकाळी मी पाठ घासून घेई. आठवड्याभरात तार बांधलेल्या जुन्या काठ्या आडव्या झाल्या आणि मी वांग्यांत.

त्या दिवशी संध्याकाळी इनास गावच्या क्रुसाजवळ उभा राहून सगळ्यांसमोर ओरडला.

"रेजिनबाय, आता लय झालं! तुझी डुकरीण माझी वाडी स्वताची समजते. पास्काचा सण झाला की माझ्या पुतण्याचं, कॉन्रॅडचं लगीन हाय. हिलापन लग्नाला येऊं दे. पातेल्यात!"

लोक हसले. रेजिनबाय हसली नाही. पदर खोचून पुढे आली.

"तुझ्या कुंपनाला कुंपन म्हनतात का, इनास? कोंबडी शिंकली तर पडतं! एकदा पक्कं कुंपन घाल. ते पार करून ती आत आली तर तुझी. मी शबूद बोलनार न्हाय."

"बाळाराम, ऐकलंस ना?" इनासनं शेजारच्या बाळाराम कोळ्याला साक्षी धरलं.

"ऐकलं," बाळाराम म्हणाला. "सगल्या गावानं ऐकलं."

मीही ऐकलं. त्या रात्रीची पेज मला गोड लागली नाही. रेजिनबायचा माझ्यावर विश्वास होता. माझा माझ्यावर नव्हता. वांग्याचा वास आला की मी मी राहत नाही. म्हणजे आता माझा जीव वाचवील असं एकच काही होतं: इनासचं कुंपण. ते इतकं मजबूत हवं होतं की मला हवं असलं तरी आत जाता येऊ नये. गावात त्या कुंपणाची माझ्याइतकी काळजी कुणालाच नव्हती.

इनासनं ताडाचे खांब तासून आणले. आता ते जमिनीत ठोकायचे कशानं, यावर चर्चा सुरू झाली.

पहिला मान घणाचा. इनास स्टुलावर चढला. खाली खांब धरायला कॉन्रॅड. हा लढाईत लष्कराच्या मोटारींच्या कारखान्यात कामाला होता, भला धट्टाकट्टा. पण काकाच्या हातातला घण पाहून त्यानं डोळे घट्ट मिटले. पहिला घाव खांबावर बसला. दुसरा हवेत गेला, आणि त्याच्यामागून इनास स्टुलावरून गेला. पुन्हा चढून त्यानं ठोकाठोकी केली ती इतकी, की खांबाच्या डोक्याची झाडू झाली आणि पाय जागचा हलला नाही. मी जवळ जाऊन खांबाला जरासं टेकले. तो आडवा झाला. असलं कुंपण मला काय अडवणार!

"असं नसतं ठोकायचं," बाळाराम म्हणाला. "आमी दर्यात खुंटे ठोकतो ते काय घणानं?"

दुसऱ्या दिवशी त्यानं एक जाडजूड लाकडी ओंडका आणला. त्याला चार बाजूंनी दोर. चौघांनी दोर ओढून ओंडका वर उचलायचा आणि "हैस्सो!" म्हणत खांबावर सोडायचा. खांब खरंच आत जाऊ लागले. मला हायसं वाटलं. पण चौघांत तिघं उंच आणि चौथा बुटका, त्यामुळे सगळे खांब बुटक्याकडे कलले. आणि पाचवा खांब अर्ध्यावर असताना कुणीतरी ओरडलं, "भरती लागली!" तसे चौघेही दोर टाकून होड्यांकडे पळाले. खांब तसाच उभा, इनास तसाच उभा.

"कदी येनार परत?" इनासनं हाक मारली.

"मासली आली की!" लांबून उत्तर आलं.

तेव्हा कॉन्रॅडनं डोकं खाजवत सांगितलं, "काका, माझ्या दोस्ताकडे भाईंदरला एक ट्रॅक्टर हाय. मागं घोडा लावून खांब ठोकायचं मशीन करता येल."

"घोडा? मग ट्रॅक्टर कशाला?"

"तो घोडा न्हाय, काका. लाकडाचा उभा सांगाडा."

आणि एके दिवशी मिठागरांच्या बाजूनं धडधड करत तो ट्रॅक्टर उत्तनात आला. कोंबड्या छपरांवर चढल्या, सुक्या बोंबलांवरून मांजरं पळाली. त्याच्या पाठीमागे दोन उंच वासे उभे केले होते. वाशांच्या मध्ये एक लोखंडी ठोकळा दोरानं टांगलेला. इंजिननं दोर ओढला की ठोकळा वर जाई, खटका सोडला की धाडकन खाली. मी तो ठोकळा पाहिला आणि मनात म्हटलं, शेठाणी, वाचलीस.

सगळं गाव जमलं. इनासनं नवी टोपी घातली होती. कॉन्रॅडनं खांब वाशांमध्ये उभा केला, ठोकळा पार वरपर्यंत नेला आणि खटका सोडला.

धाड!

धूळ खाली बसली. खांब दिसेना.

"अरे, खांब कुठं गेला?" इनासनं विचारलं.

"आत गेला, काका."

"सगला?"

"सगला."

"मला आत न्हाय पायजे, वर पायजे!"

वाडीची जमीन वरून घट्ट, खाली सगळी पुळणीची वाळू. त्यावर एवढं लोखंड एवढ्या उंचीवरून! मग तिथेच वाद सुरू झाला. कुणी म्हणे खांब लांब घ्या, कुणी म्हणे ठोकळा लहान करा, एक म्हातारी म्हणाली खांबच उलटा ठोका. बाळाराम म्हणाला, "माझा ओंडका लाव. हलका हाय." कॉन्रॅडला मशीनवर लाकूड टांगणं कमीपणाचं वाटत होतं. पण इनास टोपी काढून खांब गेला त्या भोकात डोकावत होता, ते पाहून तो तयार झाला. ओंडका टांगला. उंची कमी केली. वासे खांबाला सरळ धरून ठेवत, ओंडका थोडं थोडं ठोकी, आणि ट्रॅक्टरला ना भरतीची घाई ना मासळीची. खांब असा ताठ बसला की इनासनं त्याला मिठी मारली.

"हेच!" तो म्हणाला. "आता दुसरं काय बघायचं न्हाय."

मशीन हाती आलं आणि इनासला हुरूप चढला. "तार नको. तारेवर ती पाठ खाजवते. खांबालाच खांब लावूं. मधी अर्धी वीत फट, बस!" कॉन्रॅड ठोकत गेला, इनास दाखवत गेला. संध्याकाळपर्यंत तीन बाजू झाल्या.

इथे मला माझ्याबद्दल एक सांगायला हवं. त्या दिवसांत मी दोन जिवांची, खरं तर बऱ्याच जिवांची होते. दुसऱ्या दिवशी पहाटे कळा सुरू झाल्या. अशा वेळी आम्हांला एकांत लागतो आणि अंथरायला मऊ काहीतरी. इनासच्या वाडीच्या कोपऱ्यात पेंढ्याची गंज होती. चौथी बाजू उघडी होती. आईशप्पथ सांगते, वांग्यांकडे मी पाहिलंसुद्धा नाही. गंजीत शिरले आणि आडवी झाले.

थोड्या वेळानं ट्रॅक्टर सुरू झाला. तिकडे एक धाड, इकडे एक कळ. अशी माझी आठ पिल्लं या जगात आली आणि जगात आल्याबरोबर त्यांनी ऐकलं ते इनासचं ओरडणं: "अजून एक! इथं अजून एक!"

शेवटचा खांब बसला तशा टाळ्या पडल्या. इनास वाडीच्या मधोमध कमरेवर हात ठेवून चारी बाजूंना पाहत होता. मग त्याचे हात हळूहळू खाली आले.

"कॉन्रॅड, फाटक कुठं ठेवलंस?"

"तुमी कुठं सांगितलं, काका?"

इतक्यात माझ्या थोरल्यानं गंजीतून किंकाळी फोडली. इनास धावत आला, पेंढा बाजूला केला आणि मला बघून खाली बसला.

"रेजिनबाय!" तो ओरडला. "आली! कुंपन पार करून आली! आता माझी!"

रेजिनबाय फटीशी आली. मला पाहिलं, पिल्लं मोजली, डोळे पुसले. मग तिचा आवाज चढला.

"आत आली तवा कुंपन कुठं होतं? पार केलं म्हने! तिनं न्हाय पार केलं. तुमीच तिच्याभोवती कुंपन घातलंत!"

सगळे बाळारामकडे वळले. बाळारामनं बराच वेळ दाढी खाजवली. "रेजिनबायचं खरं हाय," तो म्हणाला. "बांगडा जाल्यात शिरला असं आपन म्हनतो, पन जालं कोन टाकतो?"

इनास वाद घालायला उठला, पण आपण खांबांच्या आत आहोत आणि ऐकणारे सगळे बाहेर, हे पाहून त्याचा अर्धा जोर गेला. कॉन्रॅडनं एका खांबाला दोर बांधून ट्रॅक्टरनं ओढून पाहिलं. ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली गेली, दोर तुटला, खांब जागचा हलला नाही. "ठोकायचं मशीन मिललं," कॉन्रॅड म्हणाला. "उपटायचं बघायला पायजे." कुणीतरी कुऱ्हाड आणली, तर इनास आतून किंचाळला, "खबरदार! असं सरल कुंपन सगल्या उत्तनात न्हाय!" शेवटी त्याला शिडी देऊन बाहेर काढलं. मला शिडी चढता येत नाही.

पुढे लग्न झालं. जेवणाला मासळी होती. नवरीकडच्या माणसांना इनासनं आधी कुंपण दाखवलं आणि मग नवरामुलगा.

मी अजून आतच आहे. आतली वांगी मी केव्हाच संपवली. ती आतच होती, त्यात माझा काय दोष! रेजिनबाय रोज फटीतून पन्हाळीनं पेज सोडते आणि दिवसभराचं सगळं सांगते. हल्ली इनासही तिथे उभा राहून ऐकतो आणि मध्येच हुंकार देतो. वांगी त्यानं आता कुंपणाच्या बाहेर लावलीत, चारी बाजूंनी. माझी पिल्लं बारीक आहेत, फटीतून बाहेर जातात, ढेकर देत परत येतात आणि माझ्या कुशीत झोपतात. त्यांच्या तोंडाला वांग्याचा वास येतो. पण आईसाठी एखादं घेऊन यावं, हे आठांपैकी एकालाही सुचत नाही.

म्हणून तुम्हांला सांगतेय. कधी उत्तनला आलात आणि ताडाच्या खांबांचं एक सरळसोट, बिनफाटकाचं कुंपण दिसलं, तर इनासची पाठ वळलेली पाहून एक वांगं आत सरकवा. फार मोठं नको, फटीत अडकतं. देठ काढायची तसदी घेऊ नका.