लातूरचा पंखा

आमच्या ह्यांचा हट्ट म्हणजे काय सांगावं बाई! उदगीरला ह्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. खंडेनवमी आली की घरातलं, दुकानातलं झाडून सगळं पूजेला. मागं वाल्वचा रेडिओ, मग ट्रान्झिस्टर, टेप, डबडा टीव्ही, व्हीसीआर, अन् सगळ्यांत पुढं मोबाईल. चालणाऱ्यालाबी इभूत, बंद पडलेल्यालाबी इभूत. अन् एकदा फूल वाहिलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशाला हात लावायचा न्हाई.

यंदा आमची शिवानी न्हायला गेली तेवढ्यात ह्यांनी तिचाबी फोन मांडला. अन् त्याच दिवशी लातूरचे पाव्हणे फोनवर पोरगी बघणार होते! तिला त्यांचा पोरगा, अमरनाथ, मनापासून आवडलेला. आधीची सोयरीक ह्यांच्या हट्टापायीच मोडली होती. हीबी मोडली असती तर पोरगी आयुष्यभर आमच्याशी बोलली नसती.

"अहो, द्या की तेवढा फोन!"

"पूजा उठल्याबिगर न्हाई."

शेजारच्या केवळाबाईचा फोन मागावा, तर तिनं तो दुरुस्तीला आमच्याकडंच टाकलेला. त्योबी पूजेत, इभूत लावून बसलेला.

तेवढ्यात शिवानीचा फोन वाजला. पोरगी रडकुंडीला आली. "अप्पा, नुसतं बोलून उचलते. हात लावत न्हाई."

ह्यांनी डोकं खाजवलं. "बोल. मंत्रबी तोंडानंच म्हणतो आपण."

तिनं हात जोडून फोनला 'उचल' म्हणलं अन् त्यानं उचलला. पडद्यावर नुसता पंखा.

"आपलाच हाय," मी म्हणलं.

"आपल्या पंख्याला जाळ्या हायत," हे म्हणाले. " हा लातूरचा."

"शरणप्पा, तुमचं छत दिसायलंय," तिकडून अमरनाथचे वडील रामलिंगप्पा बोलले.

"फोन पूजेत हाय. हात लावता येईना."

तिकडनं आवाज आला, "आमचाबी. पोरानं बोलूनच लावलाय."

ह्यांचं तोंड असं खुललं! "माणसं आपल्यातली हायत," माझ्या कानात म्हणाले. मग दोन्हीकडच्यांनी वाकून वाकून तोंडं दाखवली. तोंडं कसली, नाकपुड्या!

"पोरगी उलटी दिसायली," अमरनाथची आई म्हणाली.

"तुमचा पोरगाबी उलटाच हाय, वैनी," मी कशाला ऐकून घेते!

अन् फोनचं चार्जिंग संपत आलं. शिवानीच्या डोळ्यांतलं पाणी टपकन पडद्यावर पडलं. हे उठले, चार्जर घेऊन आले.

"हा पूजेत नव्हता," म्हणाले, अन् फोनला न शिवता पिन खुपसायला लागले. फोन पूजेच्या तांदळातनं मागं मागं सरकला, नारळाला धडकून गरकन फिरला. लातूरकरांना आमचं छत फिरताना दिसलं असंल. शेवटी ह्यांनी डोळे मिटले, दोन्ही हातांनी फोन उचलला, पिन घातली अन् शिवानीच्या तोंडापुढं सरळ धरला.

"शरणप्पा, तुम्ही हात लावला?" रामलिंगप्पांचा आवाज कडक झाला.

"लावला."

झालं, हीबी सोयरीक मोडली, म्हणलं मी मनात. तेवढ्यात लातूरचा पंखा हलला, भिंत दिसली, कुणीतरी "आरं, ठिव ते!" म्हणून ओरडलं, अन् पडद्यावर अमरनाथ सरळ दिसला. बोटांना इभूत लागलेली.

"मीबी लावला," त्यो म्हणला.

शिवानी रडता रडता हसली.

"आता पूजा परत मांडावी लागंल," हे मला म्हणाले. फोन काय खाली ठेवला न्हाई.